मका ओला, फाइल कोरडी

अभिनंदन! पशुखाद्याचा कारखाना काढलात. आता सुरक्षितता आणि नियम मानगुटीवर बसतील. घाबरू नका, दोन्ही एका कपाटात मावतात.

खरेदीपासून सुरुवात करा. अवकाळीत भिजलेला मका आडत्याकडे मातीमोल मिळतो. तो सोडणे म्हणजे लक्ष्मीला दारातून परत पाठवणे. भारतीय मानक २०५२ म्हणते, तयार खाद्यात ओलावा ११ टक्क्यांवर नको. मग रजिस्टरमध्ये कधी १०.६ लिहा, कधी १०.९. रोज एकच आकडा लिहिणारे नवशिके असतात. ओलावा मोजायच्या यंत्रातली बॅटरी ऑफिसच्या घड्याळाला घाला, तिथे ती चालेल तरी.

मक्यावर हिरवट बुरशी आली तर मळीचा हात सढळ ठेवा. बुरशी दिसत नाही, जनावर चाटूनपुसून खाते. मागे राहते ते तिचे विष, अफ्लाटॉक्सिन. मर्यादा अब्ज भागांत २०. एवढेसे कुणाच्या डोळ्यांत भरणार? पेलेट मशीनच्या वाफेने ते जात नाही. गाईच्या पोटातून रूप बदलून एका दिवसात दुधात उतरते आणि दूध उकळले तरी हटत नाही. फारच टिकाऊ माल! १९६० मध्ये इंग्लंडात शेंगदाणा पेंड खाऊन लाखभर टर्की मेल्या, तेव्हा हे विष उघडकीस आले. आपली गाय सोशीक. दूध आटते, गाभण राहत नाही. मालक डॉक्टरांना बोलावतो, तुम्हाला नाही. २०१९ च्या सरकारी दूध-अहवालात ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेबाहेर निघाले आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बोट दाखवले खाद्य आणि चाऱ्याकडे. तुम्ही लगेच चाऱ्याकडे दाखवा.

प्रयोगशाळेत नमुना धाडताना थप्पीतले सर्वांत देखणे पोते निवडा. विष सगळ्या मालात सारखे पसरत नाही, कुठेकुठे गोळा होते. निसर्गाच्या या कृपेचा अपमान करू नये.

तुळयांवर साचलेली खाद्याची धूळ झाडू नका, झाडूवाल्याची मजुरी वाचते. एखाद्या ठिणगीने पहिला भडका लहानच होतो; साचलेली धूळ तोच उडवतो आणि दुसरा, मोठा भडका आपोआप होतो. सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच कोठीत, मका चिकटला की पोराला पहार देऊन वरून उतरवा, पण खालचा पट्टा बंद करू नका, उत्पादन थांबते. सरकता मका माणसाला काही क्षणांत छातीपर्यंत ओढतो. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातल्या विजयपूरला मक्याची साठवण कोसळून ७ मजूर गेले. सातही बिहारचे. एवढ्या लांबून कारखान्याच्या दारात मोर्चा येत नाही, हेही खर्चाच्या हिशेबात धरा.

तपासणीच्या दिवशी हेल्मेट वाटा, वरचे प्लॅस्टिक काढू नका; उद्या परत पेटीत जायची आहेत. साहेबांना फाइल दाखवा, शाल द्या. चहा मात्र कोरा पाजा. गावातले दूध ज्या गोठ्यांतून येते, तिथे आपलेच खाद्य जाते.