स्वॅप पार्टिशनवरील आक्षेपांविषयी

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ३२ जीबी रॅमच्या वर्कस्टेशनवर ८ जीबीचे स्वॅप पार्टिशन (रॅममधील मजकूर उतरवून ठेवण्यासाठी डिस्कचा राखून ठेवलेला भाग) ठेवण्याचा माझा सल्ला कालबाह्य आहे, त्याने एसएसडी विनाकारण झिजते, स्वॅप हवेच असेल तर फाइल पुरते, आणि दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा वेगळा संच) टाकल्यापासून या पार्टिशनपायी पहिलीचे बूट दीड मिनिट रखडते, असे आपले म्हणणे आहे.

रॅमची उणीव भरून काढणे एवढेच स्वॅपचे काम मानले, तर पहिला आक्षेप पटण्याजोगा आहे. परंतु डिस्कवरील फाइलमधून वाचलेले आणि न बदललेले पान (मेमरीचा ठराविक आकाराचा छोटा तुकडा) लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, केव्हाही टाकून देता येते, कारण ते पुन्हा वाचता येते. प्रोग्रामने स्वतःसाठी मागून घेतलेल्या मेमरीची मात्र डिस्कवर प्रत नसते, त्यामुळे स्वॅप नसल्यास ती पाने, सकाळपासून कोणी त्यांना हात लावलेला नसला तरी, रॅम अडवून बसतात. मेमरीची चणचण भासू लागली की मग फाइलींचीच पाने, आणि त्यांत चालू प्रोग्रामचा कोडही आला, पुन्हा पुन्हा टाकावी व वाचावी लागतात, आणि ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोग्राम बंद पाडणारी कर्नलची यंत्रणा) एखाद्या प्रोग्रामचा बळी घेईपर्यंत माउससुद्धा धड हलत नाही. म्हणजे स्वॅप काढून डिस्कवरची ये-जा थांबत नाही.

एसएसडीविषयी शंका असल्यास काम चालू असताना टर्मिनलमध्ये 'व्हीएमस्टॅट १' (vmstat 1) चालू ठेवून एसआय (si, स्वॅपमधून वाचलेले) आणि एसओ (so, स्वॅपमध्ये लिहिलेले) हे स्तंभ पाहावेत. स्वॅपमध्ये काहीशे एमबी भरलेले असूनही हे आकडे शून्याच्या आसपास असतील, तर ती पाने एकदा लिहून बाजूला पडलेली आहेत आणि एसएसडीला त्यांचा काही त्रास नाही. आकडे सतत मोठेच राहत असतील तर रॅम वाढवावी. स्वॅपीनेस (कर्नलचा स्वॅप वापरण्याकडे कल किती, हे ठरवणारा आकडा) ६० वरून १० वर आणण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला तिथे कामाचा नाही.

फाइलविषयी आपले म्हणणे बव्हंशी मान्य आहे. वेगात जाणवण्याजोगा फरक नाही, आणि उबंटूनेही १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये फाइलच स्वीकारली. मी पार्टिशन सुचवतो ते हायबरनेटसाठी (रॅममधील सारे डिस्कवर साठवून संगणक पूर्ण बंद करण्यासाठी): पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा एकमेव ओळख क्रमांक) दिला की भागते, फाइल असेल तर तिचा डिस्कवरील ऑफसेट, म्हणजे सुरुवातीची जागा, हीही कर्नलला कळवावी लागते. हायबरनेट वापरणार असाल तर मात्र ८ जीबीवर भिस्त न ठेवता पार्टिशन रॅमएवढे घ्यावे.

बूट रखडण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. दुसऱ्या डिस्ट्रोच्या इन्स्टॉलरने सामायिक स्वॅप नव्याने फॉरमॅट केले की त्याचा यूयूआयडी बदलतो. पहिलीच्या एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती पार्टिशने जोडायची याची यादी असलेल्या /etc/fstab फाइलमध्ये) जुनाच राहतो आणि सिस्टमडी (बूट होताना सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहते. 'बीएलकेआयडी' (blkid) ही आज्ञा चालवून नवा यूयूआयडी पाहावा आणि एफएसटॅबच्या त्या ओळीत घालावा. एक डिस्ट्रो हायबरनेट करून दुसरी सुरू करणे मात्र टाळावे, कारण दुसरीने तेच स्वॅप वापरायला घेतले की पहिलीची साठवलेली स्थिती पुसली जाऊ शकते.