पैसा नावावर, तोटा दुसऱ्याच्या माथी

कर्जमाफीचा विषय निघाला की महाराष्ट्रात अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो: तिकडे सरकार शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहते, आपल्याकडे पीएम-किसानच्या दोन हजारांवर बोळवण होते. करोनाकाळ अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या सू काउंटीत काढलेल्या मला हा दाखला अर्धाच खरा वाटतो, आणि त्याचा न सांगितला जाणारा अर्धा भाग आपल्या जास्त उपयोगाचा आहे.

रक्कम मोठी होती, यात शंका नाही. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने 19 अब्ज डॉलरची योजना जाहीर केली आणि त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी ठेवले. सप्टेंबरमध्ये 14 अब्जांपर्यंतची दुसरी फेरी आली. त्याच एप्रिलमध्ये आपल्याकडे पीएम-किसानचे दोन हजार जमा झाले, पण तो वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता होता.

सू काउंटी हा डुकरे पाळणाऱ्यांचा मुलूख आहे. त्या एप्रिलमध्ये मांसप्रक्रियेचे मोठे कारखाने करोनामुळे एकामागून एक बंद पडले आणि विक्रीला तयार असलेली जनावरे शेडमध्येच अडकली. मदतीसाठी काउंटीतल्या कृषी कार्यालयात अर्ज करायचा, आकडे स्वतः प्रमाणित करायचे, अशी पद्धत होती. 15 जानेवारी ते 15 एप्रिलदरम्यान विकलेले डुक्कर 120 पौंडांहून हलके असेल तर 28 डॉलर, जड असेल तर 18. मक्याची मदत ज्याचे पीक त्याला मिळे, त्यामुळे रोख खंडाने जमीन कसणाराही पात्र ठरे. हे मला मनापासून पटले.

मात्र माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला पहिल्या फेरीत डुकरांपोटी काहीच मिळाले नाही. त्याच्या शेडमध्ये 2,400 डुकरे मावतात. शेड त्याची, त्यावरचे कर्ज त्याचे, राबणे त्याचे, पण डुकरे कंपनीची. नवी खेप आली नाही तर त्याचे उत्पन्न थांबते, तरीही जनावर नावावर नसल्याने योजनेच्या लेखी त्याचा तोटा नव्हताच. अशा कंत्राटावर डुकरे पाळणाऱ्यांसाठी अमेरिकी संसदेने डिसेंबर 2020 मध्ये तरतूद केली, आणि तिचे तपशील ठरायला 2021 चा ऑगस्ट उजाडला.

त्याची हकिगत ऐकताना मला आपल्याकडचे बटईदार, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, आठवत होते. पीएम-किसान सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. बी-बियाणे, खत, मजुरी ज्याने घातली त्याचे नाव तिथे नसते, आणि ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणाराच जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीने मालक चार ओळींचा करारही लिहून देत नाही. ती धास्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कूळकायद्याचा इतिहास घरोघरी ठाऊक आहे. म्हणूनच जमिनीच्या मालकीला धक्का न लावता पीक कोणाचे एवढेच नोंदवणारी कायदेशीर सोय हवी. नीती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला तो याच दिशेने.

कर्जमाफीच्या मागणीला माझा विरोध नाही. पण जमीन नावावर नसलेल्या बटईदाराला बँक सहसा पीककर्ज देत नाही. तो सावकाराकडून किंवा खताच्या दुकानातून उधारीने भागवतो, आणि ती उधारी कोणत्याच कर्जमाफीत बसत नाही. शेतकरी संघटनांनी सातबारा कोरा करण्याच्या मागणीइतक्याच जोराने कसणाऱ्याच्या नोंदीची मागणी लावून धरावी, असे मला इथून कळकळीने वाटते.