जिनिव्हातली रिकामी खुर्ची आणि आमच्या उसाचं बिल

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी उसाला टनामागं ३,५०० रुपयांसाठी बसले आणि बंगळुरूच्या राज्य सरकारनं ३,३०० वर तोडगा काढला. तेव्हा कट्ट्यावरच्या शिव्या कारखानदार, बंगळुरू आणि दिल्ली यांच्यात वाटल्या गेल्या. जिनिव्हाच्या वाटणीला एकही आली नाही. यायला हवी होती, निदान अर्धी तरी.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तिघांनी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत भारताला खेचलं. एक तक्रार निर्यात अनुदानाची. ती समजू शकतो. त्याच वर्षी सरकारनं ६० लाख टन साखरेला टनामागं १०,४४८ रुपये जाहीर केले होते. दुसरी तक्रार थेट एफआरपीवर, म्हणजे केंद्र बांधून देतं त्या उसाच्या किमान भावावर. दिल्लीचं म्हणणं साधं होतं: एफआरपी कारखाना देतो, सरकारी तिजोरीतून दमडी जात नाही. १४ डिसेंबर २०२१ च्या निकालात संघटनेच्या तंटा-पॅनेलनं ते उडवून लावलं. भाव सरकार बांधतं ना? मग पैसे कुणाच्या खिशातून जातात याला महत्त्व नाही. विकसनशील देशाला पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत आधार द्यायची मुभा, भारत त्याच्या वर गेला, असा हिशेब. हा हिशेब करताना आजचा भाव तोलायचा कशाशी, तर १९८६-८८ च्या किमतीशी! हे मी आमच्या चुलत्यांना सांगितलं. बिलाच्या पावतीवरची तोडणी-वाहतुकीची कपात बघत ते म्हणाले, "मग त्या सालचं खताचं पोतं पण धरा म्हणावं."

नियम अन्यायाचा आहे, यात मला शंका नाही. तो करारात बसून बदलून घ्यायला हवा.

पुढं काय झालं? जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं. पण अपील ऐकायला तिथं कुणी नाही. सातजणांचं ते अपील मंडळ; अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या. डिसेंबर २०१९ मध्ये भारताच्या उजल सिंह भाटियांसह दोघांची मुदत संपली आणि एकच सदस्य उरला. सुनावणीला तिघे लागतात. त्यामुळं निकाल लटकला, अंमलही नाही. आपल्यातले काही शहाणे याला 'डिप्लोमसी' म्हणून टाळ्या वाजवतात.

आम्ही सीमाभागातल्यांनी तरी वाजवू नयेत. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या दाव्याखाली आपली अख्खी पिढी म्हातारी झाली. लटकलेली केस बळकटाच्या सोयीची असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज योगायोगानं सोय आपली झाली, एवढंच.

याच जिनिव्हात २००५ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडनं युरोपच्या साखर अनुदानाला हरवलं, आणि पुढच्याच वर्षी युरोपला आपली साखर व्यवस्था बदलावी लागली. कापसाच्या अनुदानावर ब्राझीलनं अमेरिकेला धरलं ते इतकं, की २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेनं ३० कोटी डॉलर मोजले. अमेरिकेकडून पैसे! आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा? तक्रार नेऊन शेवटपर्यंत तडीस लावायची जागाच उरलेली नव्हती. ती जागा मोडायला आपण हातभार लावला नाही खरा, पण मोडक्या जागेचा फायदा मात्र घेतला.

आता दिल्लीच्या वाट्याचं. २०२१-२२ मध्ये अनुदानाशिवाय सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. म्हणजे भाव असला की कुबडी लागत नाही. जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले, २०२३-२४ च्या हंगामात दार जवळपास बंदच. २०२३ मध्ये जगात साखर बारा वर्षांतल्या उच्चांकावर होती आणि आमच्या कारखान्यांच्या गोदामात पोत्यांची थप्पी. त्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही लगाम. हे जिनिव्हानं सांगितलं नव्हतं. शहरातल्या गिऱ्हाइकाला साखर स्वस्त पडावी म्हणून चिकोडी-अथणीच्या उसानं दोन्हीकडून मार खाल्ला.

बेळगाव आणि चिकोडी, दोन्ही जागचे खासदार हे वाचत असतील तर संसदेत दोनच गोष्टी विचारा. १९८६-८८ चा तो आधार बदलून घेण्यासाठी भारतानं वाटाघाटीत काय टाकलंय? आणि निर्यातीचा कोटा गाळप सुरू व्हायच्या आधी, निदान तीन हंगामांसाठी, का जाहीर होत नाही? भाषेवरून कमेंटमध्ये भांडायला येणाऱ्यांनी कृपया दुसरी पोस्ट बघावी. उसाला दोन्ही भाषांत सारखाच भाव मिळतो.