शांततेचे सुटे भाग

आमच्या मोटारीचा सायलेन्सर कामातून गेला आहे, ही बातमी मला सर्वांत शेवटी कळली. शेजाऱ्यांना ती केव्हाच कळली होती, कारण सकाळी मी गाडी सुरू केली की आसपासची तान्ही मुले एका सुरात रडू लागत. मला मात्र इंजिनाला अचानक तारुण्य आल्याचा भास होत होता आणि त्याचे श्रेय मी नुकत्याच बदललेल्या ऑइलला देऊन मोकळा झालो होतो. अखेर एका सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटारसायकलस्वार तरुणाने कौतुकाने अंगठा उंचावला आणि विचारले, "काका, कुठला बसवलाय?" तेव्हा मी खाली उतरून वाकून पाहिले. कुठलाच बसवलेला नव्हता. होता तोच पडण्याच्या बेतात होता.

मेकॅनिकने त्यावर बोट ठेवले आणि ते बोट सरळ आत गेले. त्याने दिलेले स्पष्टीकरण मला अपमानास्पद वाटले, परंतु ते खरे होते. एक लिटर पेट्रोल जळले की त्यापासून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. गाडी लांब पल्ल्याची असेल तर सगळी नळी तापून हे पाणी वाफ होऊन निघून जाते. आमच्यासारखी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणारी असेल तर ते सायलेन्सरच्या पोटात साठून राहते आणि पत्र्याला आतून पोखरते. म्हणजे इतकी वर्षे मी गाडी चालवत आहे असे मला वाटत होते, तेव्हा प्रत्यक्षात मी एका लोखंडी डब्यात थोडे थोडे पाणी भरत होतो.

मूळ कंपनीच्या भागाची किंमत ऐकल्यावर ती संपूर्ण गाडीची असावी असा माझा प्रामाणिक समज झाला. तो दूर झाल्यावर मी बाहेरच्या बनावटीच्या, परवडणाऱ्या सायलेन्सरच्या शोधात निघालो.

या शोधात पहिली अडचण अशी आली, की बाजारात या वस्तूचा प्रत्येक ग्राहक आवाज विकत घ्यायला येतो आणि मला शांतता हवी होती. "आवाज कमी करणारा आहे का?" असे मी विचारताच विक्रेत्याने, वैद्याकडे जाऊन एखाद्याने आजार मागावा, तसे माझ्याकडे पाहिले. त्याच्याकडे दमदार होते, भारदस्त होते, खर्जातले होते. एकाची तर तो बारीक डोळे करून नक्कलही करून दाखवत असे. सर्वांत स्वस्त होता त्याबद्दल तो म्हणाला, "मूळच्यापेक्षा फक्त सहा डेसिबल जास्त आहे, साहेब." सहा हा आकडा निरुपद्रवी दिसतो. परंतु डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते, लॉगॅरिदमचे असते. सहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती चौपट झाली आणि दहा वाढले म्हणजे दहापट. शाळेत लॉगॅरिदमचा तास मी झोपून काढला होता. त्याने माझा बदला इतक्या वर्षांनी घेतला.

(येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हायरम मॅक्झिम यांनी मशिनगन बनवली आणि तिच्या आवाजाने स्वतःचे कान गमावले. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि मोटारींच्या सायलेन्सरवरही काम केले. बापाने आवाज करावा आणि मुलाने तो आवरावा, असे हे एकच घराणे मला ठाऊक आहे. आमच्या घरात नेमकी उलटी विभागणी आहे.)

त्यानंतर विक्रेत्याने कन्व्हर्टरही काढून टाकण्याचा सल्ला दिला, "इंजिनाला मोकळा श्वास मिळेल" म्हणून. आत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि रोडियमचा मुलामा असलेला हा जाळीदार ठोकळा विषारी वायूंना पुष्कळसे निरुपद्रवी करून बाहेर सोडतो आणि तो काढणे अनेक देशांत गुन्हा आहे. इंजिनाचा श्वास मोकळा करण्यासाठी मागून येणाऱ्या माणसांचा कोंडावा, इतके इंजिनावर माझे प्रेम नाही. तेव्हा कन्व्हर्टरपर्यंतचे सगळे जागच्या जागी ठेवून त्याच्या मागची नळी आणि सायलेन्सर एवढेच बदलायचे ठरले.

आता धातूचा प्रश्न उरला. घरून निघण्यापूर्वी मी थोडा अभ्यास केला होता. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते महाग असते, टिकते आणि सहसा लोहचुंबकाला चिकटत नाही. ४०९ प्रतीत क्रोमियम सुमारे ११ टक्केच. ते स्वस्त असते, वरून तांबूस पडते आणि चुंबकाला चिकटते. ॲल्युमिनियमचा थर दिलेले साधे पोलाद त्याहून स्वस्त, आणि तेही चिकटते. म्हणून मी फ्रिजच्या दारावरच्या चुंबकी मुळाक्षरांपैकी हाताला येईल ते एक अक्षर खिशात टाकून नेले होते. विक्रेता "पूर्ण स्टेनलेस" असे म्हणत असतानाच मी ते गुपचूप बाहेर काढून नळीला लावले. अक्षर चिकटले. ते ‘ढ’ होते.

मी विजयी मुद्रेने त्या ‘ढ’कडे पाहिले आणि मग विक्रेत्याकडे. तो शांतपणे म्हणाला, "चारशे नऊ आहे. तेही स्टेनलेसच असतं." हे खरे होते, कारण मीच ते वाचले होते. मी अक्षर काढून पुन्हा खिशात ठेवले; त्याची योग्य जागा तीच होती. सायलेन्सर मात्र घेतला.

बसवणावळ वाचवावी ही कल्पना माझ्या मेहुण्याची. यंत्रांविषयीचे त्याचे सगळे ज्ञान पाहून मिळवलेले आहे, करून नव्हे. "दाजी, अर्ध्या तासाचं काम आहे," असे तो म्हणाला.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, पक्के स्टँड लावावेत, हा नियम आम्ही कसोशीने पाळला, आणि त्या दिवशी आमच्या हातून झालेली ती एकमेव योग्य गोष्ट होती. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवायचे असते. आम्ही ते मारले आणि पाचच मिनिटांनी पाना लावला. पहिला बोल्ट इतक्या सहजतेने फिरला की मेहुण्याने मला टाळी दिली. मग तो अर्धा त्याच्या हातात आला आणि अर्धा जागीच राहिला. तो उरलेला अर्धा काढण्यात दुपार गेली. सायलेन्सर ज्या रबरी कड्यांत लोंबकळतो, ती कडी साबणाचे पाणी लावले की सुटतात असे मेहुण्याने पाहिले होते. ती खरोखरच सुटली. फक्त शेवटचे कडे सुटताना सायलेन्सरही सुटला आणि त्याच्या पोटातले ते माझे अनेक वर्षांचे पाणी माझ्या तोंडावर आले.

नव्या नळीच्या खोक्यावर ‘कोणत्याही गाडीला बसेल’ असे छापले होते. कोणत्याही गाडीला बसणाऱ्या वस्तूचा खरा अर्थ, ती कोणत्याच गाडीला नीट बसत नाही, असा असतो. शिवाय सगळे सांधे आधी सैल ठेवून, नळी कुठे टेकत नाही ना हे पाहून, मग पुढून मागे असे आवळत यायचे असते. मेहुण्याने मागून सुरुवात केली. त्यामुळे पुढे पोहोचेपर्यंत नळीचे तोंड कन्व्हर्टरच्या तोंडापासून चांगले चार बोटे दूर, भांडून माहेरी निघालेल्यासारखे फिरलेले होते. सगळे पुन्हा सोडवले, सांध्यातून वायू निसटू न देणारे नवे गॅसकेट घातले आणि पुन्हा आवळले.

अंधार पडता पडता गाडी सुरू केली, तोच खालून धूर निघू लागला. नव्या नळीवरचे कारखान्यातले तेल पहिल्यांदा तापताना जळते, हे मला ठाऊक होते. समोरच्या काकांना ठाऊक नव्हते. त्यांनी आणलेली बादली मी वाटेतच अडवली.

आवाज मात्र खरोखरच सुसह्य होता. मी समाधानाने मोठ्या रस्त्याला लागलो, आणि गाडी माझ्या नेहमीच्या वेगाला पोहोचताच डब्यात कुणीतरी तंबोरा लावल्यासारखे सगळे घुमू लागले. वेग वाढवला की थांबे, कमी केला की थांबे. नेमका माझ्याच वेगाला घुमे. इंजिनाचे मिनिटाला २१०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३५. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ७०, अर्थात ७० हर्ट्झचा स्वर. मूळ सायलेन्सरमध्ये असले स्वर मारणारे कप्पे त्या गाडीसाठी मोजून बनवलेले असतात. कोणत्याही गाडीला बसणाऱ्याला ते कुठून मोजून बनवणार?

मेहुण्याला फोन केला, तर त्याच्यापाशी उत्तर तयार होते. नळीला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडायची, तिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव पट ठेवायची. तिच्यात जाऊन परतलेली लाट उलटी येते आणि तो स्वर खाऊन टाकते. तत्त्व बिनचूक होते. मी तापलेल्या वायूतला ध्वनीचा वेग धरून हिशेब केला, तर ती नळी जवळजवळ माझ्या उंचीची निघाली. ती गाडीखाली कुठे मावणार, असे मी विचारले.

"वाकवून बसवायची, दाजी. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी साबणाचे पाणी कालवायला घेतले.