बेलचं बटण

माझ्या बेस गिटारवर सध्या बेलचं बटण आहे. पांढरं, गोल, मधोमध घंटीचं चित्र. याविषयी चारचौघांत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज सकाळी शेजारच्या पोराने ते दाबून "काका, दार उघडा" असं म्हटलं आणि माझा संयम संपला.

मला हवा होता किल स्वीच. आवाज क्षणभर मारणारं बटण. तार घुमत असताना ते टकटक दाबलं की सूर तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडतो, अडखळल्यासारखा. बकेटहेड नावाचा एक अमेरिकन गिटारवाला डोक्यावर बादली घालून हेच करतो आणि जग त्याला ऐकतं. जोडणीही काही मोठी नाही. जॅक म्हणजे स्पीकरची वायर खोचायचं भोक. त्याच्या टोकापासून एक वायर, बुडापासून दुसरी, मध्ये बटण. दाबलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात, सिग्नल अर्थला जातो, स्पीकर गप्प. सोडलं की पुन्हा चालू. दोन वायरी, चार टाके.

ते मी घरीच केलं असतं. पण जळगावचा मे महिना, बाहेर 44 अंश, आणि सोल्डरिंगचे टाके घालताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर गनचं टोक थंड पडतं. पंखा बंद केल्यावर घरात जो आवाज झाला तो कोणत्याही स्वीचने बंद होणारा नव्हता. मी गिटार पाठीवर मारली आणि बाजारातल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात गेलो.

तिथे आप्पा बसले होते.

आप्पा दुकानाचे कोणीच नाहीत. त्यांचा मिक्सर तीन आठवड्यांपासून तिथे पडून आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला ते रोज येतात. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त. खिशाला अजून टेस्टर, पेनाच्या जागी. मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे बोलणं अहिराणी. फक्त नियम सांगायचा असला की ते एकदम मंडळाच्या परिपत्रकातल्या मराठीत शिरतात.

"हाई काय शे भो?"

"बेस आहे, आप्पा."

"बेस शे ते दिसी ऱ्हायनं. पन शे काय?"

मी सांगितलं, गिटारच, पण चार तारांची, खालच्या सुरांची. आप्पांनी टेस्टर काढला आणि सगळ्यात जाड तारेला लावला. दिवा लागला नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात.

"करंट नही."

मी म्हटलं, हिला बाहेरून करंट लागत नाही. तारेखाली लोहचुंबक आहेत, त्यांच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आहेत. तार हलली की आपोआप थोडी वीज तयार होते. अगदी थोडी, मिलिव्होल्टमध्ये.

"मंग बिल कोना नाववर येस?"

दुकानदार हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग त्यांनी बटण कशाला, ते विचारलं. मी सांगितलं, आवाज बंद करायला.

आप्पांनी मिक्सरवरचा हात काढला. "बंदच करानं शे, त वाजाडस कसाले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा नव्हतं, आताही नाही. उत्तर शोधायच्या आत आप्पा पुढे गेले. "मी चौतीस वरीस लोकेसनी लाईन कापी. पैसा दिसन कोनीच कापी लिन्ही नही." लोक हातापाया पडत, कोणी चहा पाजे, एका बाईने तर खांबाला मिठी मारली होती. आणि इथे एक शिकलेला माणूस स्वतःच्या पायांनी येऊन, पैसे मोजून, स्वतःची लाईन तोडून घेतोय. समोर चहा पीत असलेल्या दोघांना त्यांनी हे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मिठी मारणाऱ्या बाईसकट.

तेवढ्यात दुकानातल्या पोराने भोक पाडलं. मी ऑनलाइन मागवलेलं लाल बटण 12 मिलिमीटरचं. दुकानातलं 12 चं बिट तुटलेलं, म्हणून त्याने विचारपूस न करता 20 चं लावलं. माझं बटण त्या भोकातून सरळ गिटारच्या पोटात पडलं. मी ओरडलो. पोरगा म्हणाला, "होतं भाऊ असं." आणि भोक झाकायला दुकानात एकच गोष्ट होती, बेलचं बटण.

जोडणीला आप्पा स्वतः उठले. मी सांगितलं, टोकाला एक, बुडाला एक.

"म्हंजे फेजले अर्थ जोडानी?"

"हो, पण हे मिलिव्होल्ट..."

आप्पा परिपत्रकात शिरले. "स्वीच हा कायम फेजवरच घ्यावा. फेज व अर्थ यांचा थेट संबंध येता कामा नये." आवाज चढला होता. चौतीस वर्षांत त्यांनी एकही शॉर्ट सर्किट आपल्या हाताने केलेलं नाही आणि माझ्यासारख्या गिटारवाल्यासाठी ते करणार नव्हते. त्यांनी जॅकच्या टोकाकडे जाणारी वायर कापली आणि मधोमध बेलचं बटण टाकलं. टाके सुरेख होते, हे मान्य करतो. तपासून बघू म्हटलं, तर लाईट गेली. खाली टेम्पो हॉर्न देत होता, एरंडोलला सुपारी होती. मी 180 रुपये दिले, पावती घेतली आणि पळालो.

एरंडोलच्या मंडपात अ‍ॅम्पला वायर लावली आणि झाला प्रकार कळला. बेलचं बटण दाबलं तरच जोडलं जातं. ते आप्पांनी वाटेत बसवलेलं, म्हणजे माझा किल स्वीच उलटा झाला होता. दाबून धरला तर बेस वाजणार, सोडला तर मरणार. आणि नीट मरणारही नाही. तुटलेल्या वायरीचं टोक अधांतरी राहतं, ते आजूबाजूच्या विजेची घरघर ओढून घेतं आणि स्पीकरमधून एकसारखं घुंऽऽऽ सुरू होतं.

बेसला दोन्ही हात लागतात. बटण दाबायला तिसरा हात आमच्या घराण्यात कोणाला नाही. शेवटी पूजेच्या ताटातली सुपारी उचलली, बटणावर ठेवली आणि काळी टेप गुंडाळली. अठरा वर्षं सुपाऱ्या वाजवतोय, पण सुपारीने वाजवली ती ही पहिली.

तिसऱ्या गाण्याला घामाने टेप सुटली आणि सुपारी नवरीच्या मामाच्या पायाशी गेली. घुंऽऽऽ.

आता एक गंमत बघा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या खान्यात 'जी' नावाचा जो स्वर वाजतो, तो 49 हर्ट्झचा. म्हणजे ती घरघर जवळपास जी स्वराचीच, किंचित चढी. आणि गाणं जी स्केलचं होतं. मी हात नुसते हलवत राहिलो, गाणं संपेपर्यंत. बेस एरंडोलच्या विजेने वाजवला.

स्टेजवरून उतरल्यावर आमचा ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, "आज तिसऱ्या गाण्याला बेस कसा भरून आला होता! रोज असा का वाजवत नाहीस?"

हे मला झोंबलंय. हसू येतं, पण झोंबलंय. 1951 मध्ये लिओ फेंडर नावाच्या अमेरिकन गिटार बनवणाऱ्याने प्रिसिजन नावाची पहिली बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा उभ्या बेसचं, म्हणजे माणसाएवढ्या वाद्याचं, धूड वाहून नेणाऱ्यांच्या पाठी वाचल्या. आता कीबोर्डवाला डाव्या हाताच्या तीन बोटांनी तेच काम करतो आणि पाकीट वाटताना माझ्याकडे बघून विचारतात की याला कशाला आणलं. डीजे आल्यापासून वर्षाच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या. मला त्या अडखळणाऱ्या आवाजाची हौस वगैरे काही नव्हती. एखाद्या गाण्यात मधेच बेस थांबला तर खाली बसलेल्यांपैकी एक जण तरी वर बघेल, एवढाच हिशेब होता. तेही आप्पांना सांगता आलं नाही.

आज दुपारी पंखा बंद करून, शिव्या खात, दोन वायरी मी स्वतः जोडल्या. टोकाला एक, बुडाला एक. लाल बटण अजून गिटारच्या पोटातच आहे, चालताना खुळखुळतं.

संध्याकाळी प्रॅक्टिसला ऑर्केस्ट्रावाल्याने पावती मागितली, खर्च वाटून घेऊ म्हणाला होता. मी दिली. दुकानदाराने तीवर लिहिलं होतं, "बेल फिटिंग, 180 रु."

"तुझ्या घरच्या बेलचे पैसे ऑर्केस्ट्राने का द्यायचे?"

मी गिटार लावली. म्हटलं, बोलण्यापेक्षा दाखवतो. गाणं सुरू झालं, बरोबर जागेवर मी घंटीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि दाबलं.

बेस चालूच राहिला. कीबोर्डवाल्याचा डावा हात थांबला नव्हता.