दोन स्लिंगा आणि एक लोखंडी तार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावच्या व्हाया फेराटावर (कड्यात लोखंडी तार आणि सळया ठोकून केलेली वाट, आपण त्या तारेला हुकाने अडकून चालतो) मी लिहिलं त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा त्यातलं एक वाक्य वाचून पोटात गोळा आला, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काका ३० वर्षं सह्याद्री तुडवतायत. त्यांचं म्हणणं : खडकात लोखंडी सळया ठोकायच्या, तारेला धरून चालायचं आणि त्याला चढाई म्हणायचं, हा पैसेवाल्यांचा झोपाळा आहे. तीन तासांच्या वाटेला गाईड म्हणजे शेजारच्या वाड्यात जायला टांगा करणं. आणि भाड्याचं महागडं किट कशाला, 'दोन स्लिंगा आणि दोन कॅराबिनर कमरेला बांधले की तेच काम होतं'. (स्लिंग म्हणजे शिवलेल्या मजबूत पट्टीचा फास, कॅराबिनर म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, म्हणजेच हुक.) शेवटी टोला : लेखिकेने आधी लिंगाण्याचा सुळका करून दाखवावा.

गोळा आणणारं वाक्य ते स्लिंगांचं. कारण सांगते, तुम्ही जाणकार आहात तेव्हा गणितासकट.

आपण दोरावर चढतो तेव्हा पडलं तरी दोर थोडा ताणला जातो आणि धक्का गिळतो. जितकं पडलो त्याला दोराच्या लांबीने भागलं की फॉल फॅक्टर, म्हणजे धक्का किती जबर त्याचं माप. दोरावरच्या चढाईत तो वाईटात वाईट २. फेराटावर हे गणितच फिरतं. तिथली तार ठरावीक अंतरावर बोल्टने खडकाला जखडलेली असते. समजा उभ्या टप्प्यात दोन बोल्टांमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि वरच्या बोल्टाजवळ पोचता पोचता तुमचा हात सुटला. तुमचा कॅराबिनर तारेवरून सुसाट घसरत थेट खालच्या बोल्टावर आदळणार, आणि त्याच्या खाली आणखी स्लिंगेची लांबी. ६० सेंटिमीटरच्या स्लिंगेवर तुम्ही ३.६ मीटर पडलात. फॅक्टर ६! स्लिंग तर ताणतच नाही. मग एक तर ती तुटते, किंवा कॅराबिनर बोल्टावर वाकून मोडतो, किंवा दोन्ही टिकतात आणि तुमचा मणका टिकत नाही. स्लिंगा एकीच्या जागी दोन असल्याने यात काडीचा फरक पडत नाही.

त्या भाड्याच्या किटमध्ये तारेला अडकवायचे पट्टीचे दोन हात असतात, शेवटी एक चपटी पिशवी. पिशवीत घडी घालून शिवलेली पट्टी. जोराची ओढ बसली की तिचे टाके गोधडी उसवावी तसे एकामागून एक उसवत जातात आणि धक्का त्या उसवण्यात खर्च होतो. २०१७ साली सुधारलेल्या युरोपीय मानकानुसार (ईएन ९५८) ४० किलोच्या माणसाला ३.५ किलोन्यूटनपेक्षा आणि १२० किलोच्या माणसाला ६ किलोन्यूटनपेक्षा जास्त झटका बसता कामा नये. ६ किलोन्यूटन म्हणजे सहाशे किलो टांगल्याइतकी ओढ, तीही मर्यादेतली! पट्टी जास्तीत जास्त २.२ मीटर उसवू शकते आणि एकदा उसवली की किट कचऱ्यात.

आता माझी चूक. मूळ लेखात मी लिहिलं होतं, 'हुक अडकवला की पडायची भीतीच नाही'. तुम्ही त्यावर 'हे जाहिरातीचं वाक्य आहे' म्हणालात ते शंभर टक्के खरं आहे. वरच्या उदाहरणात किट असतं तरी पडणं ३.६ मीटर अधिक पट्टी उसवण्याचे एक-दोन मीटर, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्यासारखं, आणि वाटेत त्याच लोखंडी सळया. जीव वाचेल, पाय वाचेलच असं नाही. फेराटावर पडायचंच नसतं. दोरावर सराव करताना पडणं हा शिकण्याचा भाग असतो, इथे तसं नाही. आणि किटही देवाचं लेणं नव्हे. २०१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये एका अपघातात किटचे दोन्ही हात तुटून माणूस दगावला. लवचीक हातांतले धागे वापरून वापरून झिजत होते आणि ते वरून दिसत नव्हतं. त्यानंतर कंपन्यांनी हजारो किट बाजारातून परत मागवले.

तेव्हा गाईड. तुमचा समज असा दिसतो की गाईड आपल्याला वर ओढतो. म्युरेनला तर 'वर' हा प्रकारच नाही. गाव १६३८ मीटरवर, वाट संपते ती गिमेलवाल्डला, पावणेतीनशे मीटर खाली. सव्वादोन किलोमीटर आडवं आणि उतरतं जायचं, परत केबलकारने. (गाड्यांना बंदी असलेल्या गावातून उतरून दुसऱ्या तसल्याच गावात पोचायचं, याची मला उगाच गंमत वाटत होती.) अवघडपणा के-३, मोजमाप के-१ ते के-६. म्हणजे ताकदीचं काम फार नाही, पण दृष्टिभय भरपूर. आपल्याकडच्या भाषेत, हात-पाय सांगतील ते करतात, डोळे करू देत नाहीत.

गाईडने पहिला पाऊण तास आम्हाला कड्याकडे फिरकूच दिलं नाही. आधी प्रत्येकाच्या हार्नेसचं (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचं) बकल स्वतःच्या बोटांनी ओढून पाहिलं. मग जमिनीपासून फूटभर उंचीवरच्या तारेवर हुक बदलायचा सराव : एक काढायचा, पुढे लावायचा, मगच दुसरा. दोन्ही एकदम कधीच नाही. दोन बोल्टांच्या मध्ये एकच माणूस, कारण वरचा पडला तर खालच्याच्या डोक्यावर येतो. आमच्यातल्या एका बारीक मुलीला, ३७ किलोची असेल, त्याने स्वतःच्या दोराला वेगळं बांधलं. इतक्या कमी वजनाला त्या पट्टीचे टाके वेळेवर उसवत नाहीत. हे मला तरी आधी माहीत नव्हतं.

आणि मग तो कोपरा आला. कडा एकदम तुटतो, पायाखाली फक्त खडकात रोवलेल्या सळया आणि त्यांच्या खाली निदान अर्धा किलोमीटर हवा. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यातली घरं काडेपेट्यांसारखी. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ, पण ते मी नंतर फोटोत पाहिले. मी चौथ्या सळईवर थिजले. तारेला दोन्ही हातांनी कवटाळलं, कोपरं वाकलेली, सगळं वजन दंडांवर. दोन मिनिटांत हात भरून आले. काका, तुम्हाला ठाऊक आहे हात भरून येणं काय असतं : बोटं आपली राहत नाहीत.

गाईड माझ्या पुढे होता. मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं, माझ्या कोपरांवरून. तो परत आला, हार्नेसला लावलेली आखूड स्लिंग (हो, स्लिंगच! पण पडायला नव्हे, टेकायला) सळईत अडकवली आणि म्हणाला, बस. हार्नेसवर मागे रेल. हात सोडून हलव. मागच्या बाईंना त्याने आधीच्या बोल्टापलीकडे थांबवून ठेवलं. मग फक्त पुढची सळई दाखवली, त्यापुढची नाही. दहा मिनिटं गेली असतील. त्याने मला एक इंचही ओढलं नाही. त्या टांग्याचं भाडं मी या दहा मिनिटांसाठी दिलं, असं समजा.

अनुभवी लोक म्युरेनला गाईडशिवाय जातात, तशी मनाई नाही. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. तारेवरून लोंबकळत जायचा टप्पा तेवढा गाईडबरोबरच करता येतो, बाकीच्यांना शेजारून तारांचा पूल आहे. पण गाईड तिथे कोणीही उठून होत नाही. २७ जुलै १९९९ ला इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख ओढ्यात कॅनियनिंग (ओढ्याच्या घळीतून पाण्यासोबत खाली उतरणं) करताना अचानक लोंढा आला आणि २१ माणसं गेली. त्यानंतर बरीच वर्षं वाद होऊन असल्या धाडसी धंद्यांसाठी परवान्याचा कायदा झाला, १ जानेवारी २०१४ पासून लागू. आपल्याकडे पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांवर दोर टाकून बसलेली पोरं आठवली की मला हे फार आठवतं.

'टूरिस्टांसाठी केलेला खेळ' यावर अर्धं मान्य. म्युरेनची वाट २००८ ची, पर्यटकांसाठीच. पण प्रकार जुना आहे. ऑस्ट्रियात डाखश्टाइनवर फ्रीडरिश सिमोनीने १८४३ मध्येच लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या होत्या, आणि इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांना दारूगोळा घेऊन कड्यांवर चढायला तारा आणि शिड्या लावल्या गेल्या. तिथल्या काही फेराटा आजही त्याच जुन्या वाटांवरून जातात. रतनगडाच्या लोखंडी शिड्या चढताना आपण त्यांना झोपाळा म्हणत नाही, मग याच शिड्यांनी काय घोडं मारलंय? मात्र 'प्रत्येक कड्यात भोकं पाडायची का' हा तुमचा प्रश्न माझ्याजवळही अनुत्तरित आहे. हा वाद आल्प्समध्येही चालतो. उद्या कोणी कोकणकड्यावर तार लावायला निघालं तर विरोध करणाऱ्यांत मी तुमच्या शेजारी उभी असेन.

मूळ लेखातलं ते वाक्य काल रात्री बदललंय. तुमच्या प्रतिक्रियेतलं स्लिंगांचं वाक्य तुम्ही काढाल का? मी काढू शकते, पण तुम्ही काढलेलं बरं. ते वाचून कोणी बॅगेत दोन स्लिंगा टाकून डोलोमाइट्सला जाईल.

राहिला लिंगाणा. दोनदा केलाय. दोन्ही वेळा वरून दोर होता, आणि पहिल्या वेळी गुहेच्या थोडं वर मी रडले होते. ते त्या लेखात लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा आई ब्लॉग वाचायची.