बेंचवरच्या पोराची किंमत काढायची कशी?

टीमची यादी लागली की आपल्याकडं वाद होतो तो पहिल्या अकरा नावांवर. खालच्या पाच नावांबद्दल कुणी ब्रसुद्धा काढत नाही. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर, कुठल्याही स्थानिक फुटबॉल स्पर्धेतला एन्ट्री फॉर्म काढून बघा. तीन जादा फॉरवर्ड, एक शाळेतला पोरगा आणि एक देणगीदाराचा पुतण्या, झाली राखीव फळी. मग दुसऱ्याच मॅचला कीपरचं बोट निखळतं आणि एखादा बिचारा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, ग्लोव्हज घालून गोलमध्ये उभा राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की राखीव खेळाडूची किंमत काढायची तर दोनच प्रश्न विचारा. तो नसता तर त्याच्या जागी कोण खेळलं असतं? आणि ती वेळ स्पर्धेत किती मिनिटं येणार? पहिल्या उत्तरातून फरक कळतो, दुसऱ्यातून मिनिटं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्याची किंमत. तो मुख्य खेळाडूच्या तोडीचा आहे का, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. तो तोडीचा असता तर बाहेर कशाला बसला असता?

आकडे मांडून बघू. आठ दिवसांत सहा मॅच, प्रत्येक मॅच ३०-३० मिनिटांची. म्हणजे एका जागेची एकूण ३६० मिनिटं. समजा चौथ्या नंबरच्या फॉरवर्डला तुम्ही दर मॅचला शेवटची १५ मिनिटं उतरवता, म्हणजे त्याची ९० मिनिटं. तो नसता तर तिसरा फॉरवर्ड तिथंच राहिला असता किंवा विंगचा पोरगा आत आला असता. दोघांत पूर्ण मॅचमागं ०.२ गोलचा फरक धरा. ९० मिनिटं म्हणजे दीड मॅच, त्याला ०.२ ने गुणलं की अख्ख्या स्पर्धेत ०.३ गोल. आता दुसरा कीपर. तो सहातली एकच मॅच खेळेल असं धरू, म्हणजे फक्त ६० मिनिटं. पण तो नसेल तर गोलमध्ये मैदानी खेळाडू उभा राहणार आणि तिथं मॅचमागं दोन गोलचा फरक सहज पडतो. वर तो हाफ मधल्या फळीतून गेला, ते नुकसान वेगळंच. ०.३ विरुद्ध २. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या टीमचे तुम्ही घाला. पण स्थानिक पातळीवर उत्तर फारसं बदलणार नाही, कारण आपल्याकडं फॉरवर्ड शोधावे लागत नाहीत आणि कीपर शोधून सापडत नाहीत.

कीपरबद्दल एक नियम पोरांना माहीत नसतो. त्याला लाल कार्ड मिळालं तर राखीव कीपर आणता येतो, पण त्यासाठी मैदानातला एक खेळाडू बाहेर काढावा लागतो आणि टीम दहाचीच राहते. राखीव कीपरच नसेल तर दहा जणांत खेळायचं आणि गोलमध्ये बॅक, म्हणजे बचावपटू, अशी दुहेरी मार.

आता मिनिटांचा अंदाज. युरोपातल्या क्लबचे खेळाडू मुख्यतः दुखापत आणि कार्डांमुळं बाहेर बसतात. मराठवाड्यात त्या दोन्हींच्या आधी कॅलेंडर येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीची पोरं गायब. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की खेड्यावरून येणारे दोघं-तिघं फोन उचलत नाहीत. पोलीस भरतीची मैदानी चाचणी लागली की १६०० मीटरची तयारी करणारा तुमचा सगळ्यात दमदार हाफ फुटबॉलला हात जोडतो, आणि ते बरोबरच आहे. वाळूजला कंपनीत लागलेल्याची सेकंड शिफ्ट असेल तर चारची मॅच गेलीच. नांदेडहून संभाजीनगरला तपोवनने येणाऱ्यांची गाडी लेट झाली तर वॉर्मअपच्या नावानं बोंब. लग्नसराई तर सांगायलाच नको.

म्हणून स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी एक कागद घ्या. डावीकडं अकरा जागा, वर सामन्यांच्या तारखा. प्रत्येक चौकटीत तो खेळाडू नक्की येणार, बहुतेक येणार, की शंका आहे, ते लिहा. ज्या ओळीत शंका जास्त, त्या जागेचा राखीव खेळाडू आधी शोधा. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, ओळीत कार्डांचा हिशोबही घाला. दोन मॅचमध्ये मिळून दोन पिवळी झाली की एक मॅच बाहेर, असा नियम बऱ्याच स्पर्धांत असतो, आणि पिवळी स्टॉपर आणि बचावात्मक हाफलाच जास्त पडतात. मैदान मुरमाचं असेल किंवा काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर घोटा मुरगळणं ठरलेलं. त्यात विंगवर पळणारे आणि झटक्यात वळणारे आधी जातात.

हे झालं मिनिटांचं. खरी गफलत होते ती पोरगा कसा आहे हे ठरवताना.

पहिला फसवा पुरावा म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांतले गोल. मे महिन्यात चार वाजता, पारा चाळिशीच्या वर, ५० व्या मिनिटाला समोरच्या बॅकचे पाय उचलत नाहीत. हाफ मागं यायचे थांबलेले असतात, दोन फळ्यांत ट्रॅक्टर जाईल एवढी जागा पडते. त्या वेळी ताज्या दमाचा कुणीही आत गेला तरी भारी दिसतो. मग ‘दर ६० मिनिटांमागं गोल’ काढून हा मुख्य फॉरवर्डपेक्षा सरस असं म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मुख्य फॉरवर्डची पहिली ४० मिनिटं ताज्या बचावाविरुद्ध गेलेली असतात, ती यात धरली जात नाहीत.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती राखीव खेळाडूच्या फायद्याची आहे. तुलना करायची तर दमलेल्या मुख्य खेळाडूशी करा. पहिल्या मिनिटाचा तुमचा कॅप्टन आणि ५२ व्या मिनिटाचा कॅप्टन हे एकच माणूस नाहीत. दमलेला विंगर चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि त्याच्यामागचा बॅक एकटा दोघांना तोंड देतो. त्या वेळी कौशल्यात दोन पायऱ्या खाली असलेला, पण पळणारा पोरगा जास्त कामाचा. ‘मोठा खेळाडू बाहेर कसा काढायचा’ या लाजेपोटी आपल्याकडं शेवटच्या दहा मिनिटांत मॅच घालवल्या जातात.

दुसरा फसवा पुरावा म्हणजे थोडके आकडे. सहा मॅचमध्ये १५-१५ मिनिटं म्हणजे सगळी मिळून दीड मॅच. त्यात एक गोल झाला काय किंवा एकही झाला नाही काय, त्यावरून काही ठरत नाही. तो आत असताना टीमनं किती गोल केले, किती खाल्ले, हा हिशोब तर आणखी घसरडा. ३-० ने पुढं असताना उतरलेला आणि ०-१ ने मागं असताना उतरलेला, दोघांपुढचा खेळच वेगळा असतो.

तिसरी गफलत सरावात होते. ‘ए’ टीम विरुद्ध ‘बी’ टीम अशी मॅच लावायची आणि त्यावरून पारख करायची. राखीव स्टॉपर बी टीममध्ये राखीव बॅकच्या शेजारी, राखीव कीपरच्या पुढं खेळतो आणि त्याच्यावर तुमचे सगळ्यात चांगले फॉरवर्ड सोडलेले असतात. तो वाईट दिसणारच. आणि बी टीमच्या बॅकला चकवणारा फॉरवर्ड उगाच चमकतो. खऱ्या मॅचमध्ये तो स्टॉपर एकटा उतरणार असतो, मुख्य फळीच्या मधोमध. म्हणून त्याला २० मिनिटं ए टीममध्ये घाला आणि तुमचा मुख्य स्टॉपर बी टीममध्ये पाठवा. मग बघा उजवा बॅक किती वेळा त्याच्याकडं बिनधास्त पास देतो आणि कीपर किती वेळा ओरडतो. शेजारच्यांचा भरवसा हीच सगळ्यात खरी पावती.

मग त्या १५ मिनिटांत बघायचं काय? गोल सोडा, वारंवार घडणाऱ्या गोष्टी मोजा. पहिला टच पुढच्या दिशेनं आहे की जागेवर मरतो. चेंडू गमावल्यावर पहिली पाच पावलं तो काय करतो. स्वतःच्या अर्ध्यात किती वेळा चेंडू घालवतो. ज्याच्या जागी आला त्याची जागा धरतो, की चेंडूमागं मैदानभर फिरतो. वहीत प्रत्येक वेळची एक ओळ ठेवा: कितव्या मिनिटाला उतरला, तेव्हा स्कोअर काय, कुठं खेळला, आणि वरच्या चार गोष्टींपुढं नुसत्या रेघा. बाहेर बसलेल्या दुसऱ्या राखीव पोरालाच ही वही द्या. त्याचंही लक्ष मॅचमध्ये राहतं, मोबाईलमध्ये जात नाही.

मोठ्या फुटबॉलकडं बघतानाही आपलं लक्ष गोलवरच जातं. २०२२ च्या कतार विश्वचषकात जपाननं जर्मनीला २-१ हरवलं, ते बदली खेळाडूंच्या जिवावर. ७५ व्या मिनिटाला मितोमाचा पास, मिनामिनोचा फटका, जर्मनीचा कीपर नॉयरनं हात लावून परतवलेला चेंडू आणि दोआनचा गोल. तिघंही बेंचवरून आलेले. ८३ व्या मिनिटाला इताकुरानं मागून मारलेली लांब फ्रीकिक असानोनं पायावर घेतली आणि जवळच्या पोस्टच्या अरुंद फटीतून वर मारली. असानोही बेंचवरचाच. लोकांना दोआन आणि असानो आठवतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचा बदल मध्यंतरालाच झाला होता. पहिल्या अर्ध्यात जर्मनीनं नुसतं घुमवलं होतं. प्रशिक्षक मोरियासू यांनी कुबोला काढून तोमियासूला, म्हणजे बचावपटूला, आणलं आणि मागं तिघांची फळी केली. आधी ते भोक बुजलं, म्हणून पुढचे बदल उपयोगी पडले. ०-१ मागं असताना बॅक उतरवायची हिंमत आपल्याकडं किती प्रशिक्षक करतील? बाहेरून प्रेक्षकच ओरडतील, “ओ सर, गोल मारायचाय, बॅक काय घालायलाव!”

बदल्या शिल्लक ठेवणं हाही किमतीचाच भाग. २०१४ च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान खाल यांनी जादा वेळेच्या अगदी शेवटी मुख्य कीपर सिलेसनला काढून राखीव कीपर टिम क्रुलला फक्त पेनल्टीसाठी उतरवलं. क्रुल पाचही वेळा बरोबर बाजूला झेपावला, दोन अडवल्या, नेदरलँड्स जिंकलं. पुढं अर्जेंटिनाविरुद्धचा उपांत्य सामनाही पेनल्टीवर गेला, पण तोवर तिन्ही बदल्या वापरून झाल्या होत्या. क्रुल बाहेर बसून राहिला आणि सिलेसनला एकही अडवता आली नाही. तोच राखीव खेळाडू, चार दिवसांत किंमत शून्य. आता पाच बदल्या मिळतात: २०२० मध्ये कोरोनामुळं तात्पुरती सोय झाली, २०२२ पासून नियमात कायम आली. पण त्या मध्यंतर सोडून तीनच वेळांत करायच्या असतात. स्थानिक स्पर्धांत बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो का, हे आयोजकांना आधी विचारून घ्या. येऊ शकत असेल तर उन्हाळ्यात दोन विंगर आलटून-पालटून दहा-दहा मिनिटं पळवणं हा सगळ्यात स्वस्त फायदा आहे.

चांगला राखीव खेळाडू वाया कसा जातो, तेही सांगतो. अर्धा तास सावलीत बसलेल्या पोराला “चल रे, ऊठ, टी-शर्ट काढ” म्हणून थेट आत ढकलतात. अंग थंड, पहिल्याच स्प्रिंटला मांडीमागची शीर धरते, किंवा पहिली पाच मिनिटं तो खेळाच्या वेगामागंच असतो. आत घालायच्या किमान दहा मिनिटं आधी उठवा. हळू जॉगिंग, पायांच्या हालचाली, शेवटी २० मीटरच्या चार-पाच धावा, शेवटच्या दोन पूर्ण वेगानं. आणि समोरच्याला कॉर्नर मिळालेला असताना बदली करू नका. बाहेर जाणारा कुणाला धरून होता हे येणाऱ्याला कळेपर्यंत हेडर झालेला असतो. आत जाताना त्याला तीनच गोष्टी सांगा: त्यांच्या कॉर्नरला कुणाला धरायचं, आपल्या कॉर्नरला कुठं उभं राहायचं, चेंडू गेला की कुठं परतायचं. बाकीची भाषणं सोडा.

सोळा जणांची यादी असेल तर माझे पाच असे: एक कीपर, एक स्टॉपर, दोन्ही बाजूंना खेळू शकणारा एक बॅक, एक पळणारा हाफ, आणि एकच फॉरवर्ड. एकाच जागेवर फार चांगला असणाऱ्यापेक्षा तीन जागा बऱ्यापैकी सांभाळणारा पोरगा लहान यादीत जास्त मोलाचा. अठरा जणांची यादी असेल तेव्हा खास कामाचे लोक घ्या: लांब थ्रो टाकणारा, हेडरचा उंच, पेनल्टी मारणारा. बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणायचा असेल तर लोक फॉरवर्ड आणतात, कारण बॅनरवर फोटो शोभतो. तोच खर्च दुसऱ्या कीपरच्या ग्लोव्हजवर आणि आठवड्यातून दोन दिवस त्याच्या वेगळ्या सरावावर करा.

आणि ज्याला बसवताय त्याला स्पर्धेआधीच सांगा की तू अमक्या जागेचा राखीव आहेस, साधारण एवढी मिनिटं मिळतील. ‘बघू, उतरवू’ यावर पोरगं दोन मॅच थांबतं, तिसऱ्याला घरी राहतं, आणि नेमकं त्याच दिवशी तुमच्या स्टॉपरला दुसरं पिवळं पडलेलं असतं. बक्षिसाचे पैसे वाटताना बेंचवाल्याला अर्धा हिस्सा देणाऱ्या टीमही आहेत. त्यांच्याकडं पुढच्या वर्षी कोण बसायला येतं, ते त्यांनाच विचारा.